रस्त्याचे मूळ स्वरूप

लेस्टर,
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मृणाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा हरकतीचा कागद गुरुवारी मिळाला. फोनवर तू विचारले होतेस, "आई, सही करू की नको?" आणि कागद वाचल्याशिवाय काही बोलणार नाही असे मी म्हणाले होते. आता तो वाचला. स्विंडनला तुमच्या कोपऱ्यावरचे दोन वर्षे बंद पडलेले दुकान गोव्याच्या एका कुटुंबाने भाड्याने घेतले आहे, तिथे पाव, सामोसे, चोरीस-पाव (गोव्याचे मसालेदार सॉसेज घातलेला पाव) आणि संध्याकाळी घरी न्यायचे गरम जेवण विकण्याची परवानगी त्यांनी काउन्सिलकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे, मागितली आहे, आणि तुमच्या शेजाऱ्यांनी मिळून तिला हरकत घेण्याचे ठरवले आहे. धुराची नळी, गाड्या लावण्याची अडचण आणि रात्रीचा आवाज ही पहिली तीन कलमे मला समजली. चौथे कलम मात्र मी तीनदा वाचले. या दुकानामुळे रस्त्याचे मूळ स्वरूप नष्ट होईल, असे त्यात म्हटले आहे. मला त्या एका वाक्याबद्दल लिहायचे आहे, आणि ते फोनवर जमण्यासारखे नाही.

मी जून १९७५ मध्ये लेस्टरला आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. तुझे बाबा १९७१ पासून इथे एका यंत्रांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आम्ही राहत होतो ती एक खोली होती, आणि जिन्याखाली घरमालकिणीची शेगडी आठवड्यातून तीन संध्याकाळी वापरायची आम्हांला मुभा होती. पहिल्याच आठवड्यात मी बांगडे समजून इथले मॅकरेल तळले आणि दुसऱ्या दिवशी ती मुभा गेली. पुढचे चार महिने आम्ही पाव, उकडलेली अंडी आणि डब्यातला घेवडा खाल्ला. मी बाईंना दोष देत नाही, त्या घराला तो वास अनोळखी होता. पण आपल्या अंगाला, केसांना, डब्याला येणारा वास दुसऱ्याला नकोसा आहे हे कळल्यावर तेवीस वर्षांच्या मुलीचे काय होते ते मला माहीत आहे, आणि ते मी तुला आजवर कधी सांगितले नव्हते.

लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड तेव्हा आजच्यासारखा नव्हता. तू पाहिलास तो सोन्याच्या पेढ्यांचा, साड्यांच्या दुकानांचा आणि मिठाईच्या काचपेट्यांचा रस्ता. मी पाहिला त्या रस्त्यावर कितीतरी दुकाने फळ्या ठोकून बंद केलेली होती, वरच्या मजल्यांच्या खिडक्या फुटलेल्या होत्या, आणि होजिअरीच्या कारखान्यांतून पाळी संपवून निघालेली माणसे तिथे न थांबता पुढे जात. दुकाने रिकामी होती म्हणून भाडे कमी होते, आणि भाडे कमी होते म्हणून ज्यांच्याजवळ काहीच नव्हते त्यांना ती घेता आली. आपल्या लोकांनी कुणाचा चालता धंदा उठवून तिथे बस्तान मांडले अशी समजूत तुझ्या पिढीत ऐकू येते, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

ती माणसे आली कशी, हेही तुला नीट माहीत असले पाहिजे. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाचा लष्करशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितले. त्यांतल्या पुष्कळांजवळ ब्रिटिश पासपोर्ट होता, आणि सुमारे २८,००० माणसे ब्रिटनमध्ये आली. लेस्टरमध्ये गुजराती वस्ती आधीपासून थोडीफार असल्यामुळे लोक इकडेच वळतील या धास्तीने इथल्या काउन्सिलने त्याच सप्टेंबरमध्ये युगांडातल्या 'युगांडा आर्गस' या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की शहरात घरे, शाळा आणि दवाखाने अपुरे आहेत, तेव्हा तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका. लेस्टर हे नाव आम्ही त्या जाहिरातीतच पहिल्यांदा वाचले, असे सांगणारी माणसे मला कारखान्यात भेटली आहेत. १९७६ च्या स्थानिक निवडणुकीत नॅशनल फ्रंट या स्थलांतरितविरोधी पक्षाला या शहरात सुमारे १८ टक्के मते मिळाली. त्या मतांचा आकडा आम्हांला वर्तमानपत्रातून कळला, पण त्याचा अर्थ आम्हांला काकांच्या दुकानाच्या फुटलेल्या काचेवरून कळला.

काका म्हणजे आपले कोपऱ्यावरचे काका. तुला ते म्हातारपणी गल्ल्यावर बसलेले आठवतात. युगांडातल्या जिंजा गावात त्यांचे कापडाचे मोठे दुकान होते, आणि लेस्टरला त्यांनी एका बंद पडलेल्या जोडे दुरुस्तीच्या दुकानात डाळींची पोती मांडली. भांडवल म्हणजे तीन नातेवाइकांनी व्याजाशिवाय दिलेले पैसे आणि सहा माणसांचे हात. मुले शाळेतून आली की मागच्या खोलीत बसून डाळी पौंडाच्या पिशव्यांत भरायची, काकी चिवडा तळायच्या, आणि काका सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत उभे असायचे. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे इथली दुकाने आठवड्यातून एक दिवस दुपारीच बंद होत आणि रविवारी बहुतेक रस्ता बंदच असे. १९९४ पर्यंत तसेच चालले. कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या बाईने मग वाणसामान आणायचे केव्हा? काकांचे दुकान तिच्या वेळेला उघडे असे, आणि म्हणूनच पुढे आमच्या ओळीतल्या इंग्रज बायकासुद्धा दूध आणि काड्यापेटी तिथूनच नेऊ लागल्या. त्यांतली एक जण वर्षभराने चिवडाही नेऊ लागली.

आपल्या मराठी घरांची संख्या तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती. आपल्यासाठी स्वतंत्र दुकान निघणे शक्यच नव्हते, म्हणून आपले पोहे, गूळ, शेंगदाणे आणि हिंग यांची सोय गुजराती माणसाने केली, आणि तीही युगांडामार्गे आलेल्या गुजराती माणसाने. त्यामुळे आपल्या जेवणात काय काय शिरले ते आठवून पाहा. एका आषाढी एकादशीला दुकानातला साबूदाणा संपला होता. काकींनी माझ्यापुढे तपकिरी सालीचे, वर मेणाचा थर दिलेले हातभर लांबीचे कंद ठेवले आणि म्हणाल्या, हा मोगो उकड, तिखट-मीठ लाव, आम्ही उपासाला खातो. मी बिचकले. उपासाला चालते की नाही हे विचारायला सासूबाई सावंतवाडीला, आणि पत्राचे उत्तर यायला तीन आठवडे. शेवटी उकडला आणि खाल्ला. पुष्कळ वर्षांनी मला कळले, की आपला साबूदाणा ज्या कंदाच्या पिठापासून तमिळनाडूत सेलमकडे करतात, तोच हा कंद. पोर्तुगीजांनी तो ब्राझीलमधून आफ्रिकेत नेला, आफ्रिकेत आपल्याकडच्या गुजराती लोकांनी त्याला मिरची-लिंबू लावले, आणि तो लेस्टरला माझ्या एकादशीच्या ताटात आला. तू शाळेतून आल्यावर जे मोगोचे तळलेले काप मागायचीस, ते तुला अजून आपल्या घरचे मराठी खाणे वाटते. तसे वाटण्यात काही चूक नाही. पन्नास वर्षे ते आपल्या घरात शिजते आहे.

आता दुसरी बाजू, कारण ती लिहिली नाही तर मी तुला अर्धेच सांगितले असे होईल. काकांच्या दुकानापासून चार दारे सोडून एका इंग्रज खाटकाचे दुकान होते. वडिलांच्या वेळेपासून ते तिथे होते, आणि शुक्रवारी त्यांची बायको जवळच्या मेल्टन मोब्रे गावच्या पद्धतीचे, डुकराचे मांस भरून भाजलेले 'पाय' (pie) करी, त्यासाठी दाराबाहेर रांग लागे. आम्ही त्यांच्याकडून मटण घ्यायचो. बाकी ओळीत हळूहळू बहुतेक शाकाहारी घरे आली. जुनी गिऱ्हाइके वारली किंवा शहराबाहेरच्या नव्या वस्त्यांत राहायला गेली, तिथे गाडी लावून आठवड्याचे सामान घेण्याची सोय असलेली मोठी दुकाने निघाली, आणि तुझ्या जन्माच्या वर्षी, १९७९ मध्ये, त्यांनी दुकान बंद केले. शेवटच्या दिवशी मी गेले होते. बाई मला म्हणाल्या, की इथे आता मला कुणाशी बोलावे तेच कळत नाही. तुझ्यासाठी विणलेली लोकरीची टोपी त्यांनी मला त्याच दिवशी दिली. त्या काही आमच्याविरुद्ध बोलत नव्हत्या, आणि तरीही जे त्यांचे गेले ते खरोखरच गेले होते. त्या पायची चव या रस्त्यावर पुन्हा आली नाही. म्हणून रस्ता बदलल्याचे ज्यांना दुःख होते त्यांना मी सरसकट द्वेष्टे म्हणणार नाही, आणि तूही म्हणू नकोस. तुमच्या कागदावर सही केलेल्या आजीबाई, ज्यांचे लग्नाआधीपासून त्या कोपऱ्यावर जाणे-येणे आहे, त्यांच्याकडे एकदा चहाला जा.

पण दुःख खरे असले म्हणजे त्याचे कारणही आपण म्हणतो तेच असते असे नाही. खाटकाचे दुकान काकांनी बंद पाडले नाही. होजिअरीचे आणि बुटांचे कारखाने एकामागून एक बंद झाले, मोठी दुकाने गावाबाहेर गेली, तरुण माणसे निघून गेली. रस्त्यावर काय विकले जाईल आणि कोण विकेल, हे रस्त्यापासून फार दूर ठरत असते. इदी अमीनने कंपालामध्ये ठरवले आणि बेलग्रेव्हला मोगो आला. २०१४ मध्ये भारतातून आलेल्या फळांत फळमाशी सापडल्यामुळे युरोपीय संघाने १ मेपासून हापूस बंद केला, आणि ऐन हंगामात या रस्त्यावरच्या पेट्या नाहीशा झाल्या. २०१५ च्या जानेवारीत बंदी उठेपर्यंत काकांचा थोरला मुलगा रोज पन्नास माणसांना तेच ते समजावून सांगत होता.

आणि बेलग्रेव्ह तरी कुठे थांबला आहे? १९८३ पासून तिथे दिवाळीची रोषणाई होते, आणि ज्या काउन्सिलने येऊ नका म्हणून जाहिरात दिली तेच आता तिचे कौतुक बाहेरच्यांना सांगते. पण काकांची मुले औषधनिर्माते आणि हिशेबतपासनीस झाली, गल्ल्यावर कुणालाच बसायचे नव्हते, आणि २०१८ मध्ये ते दुकान गेले. आज तिथे आंध्रकडचे एक तरुण जोडपे डोसे करते. मी पहिल्यांदा त्या दारावरून गेले तेव्हा, मृणाल, माझ्या तोंडून निघाले होते, की आता आपले बेलग्रेव्ह राहिले नाही. ते म्हणताना मला खाटकाच्या बाईंची आठवण झाली, आणि पुढे कितीतरी दिवस ती गेली नाही. शहराच्या पलीकडच्या बाजूला नार्बरो रोडवर तर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांना वीसहून अधिक देशांत जन्मलेले दुकानदार एकाच रस्त्यावर सापडले. मी तिथे पोलिश दुकानातून ताक आणते. कढीला ते उत्तम असते.

आता तुझ्या स्विंडनकडे येते. तुमच्या रस्त्याचे मूळ स्वरूप म्हणजे नक्की कोणते? १८४० पूर्वी स्विंडन हे टेकडीवरचे लहानसे बाजाराचे गाव होते. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने तिथे इंजिने बांधण्याचा आणि दुरुस्त करण्याचा कारखाना काढला, तो १८४३ मध्ये सुरू झाला, आणि उत्तर इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स इथून कामगार येऊन राहिले. तुझे घर ज्या ओळीत आहे तशा ओळी आणि त्यांच्या टोकांची दुकाने त्या बाहेरून आलेल्या माणसांसाठीच बांधली गेली. महायुद्धानंतर पोलिश आणि इटालियन कुटुंबे आली. १९८६ मध्ये रेल्वेचा कारखाना बंद झाला, आणि ज्या शेडमध्ये इंजिने उभी राहत तिथे आता तू सेलमध्ये कोट घेतेस. होंडाचा कारखाना जुलै २०२१ मध्ये बंद झाला. या सगळ्या काळात कोपऱ्यावरचे दुकान किती हातांतून गेले असेल याची तुझ्या शेजाऱ्यांनी मोजदाद करावी.

गोव्याचे लोक तिथे कसे आले, हे तुला मी सांगायला हवे, कारण माझे माहेर त्यांच्या सीमेला लागून आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा भारतात आला. त्याआधी तिथे जन्मलेल्या माणसांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचा कायदा पोर्तुगीज नागरिक म्हणून नोंद करू देतो. पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात गेला, आणि पुढे त्या पासपोर्टावर ब्रिटनमध्ये राहून काम करता येऊ लागले. एकाला स्विंडनच्या गोदामात काम मिळाले, त्याने भावाला बोलावले, भावाने मेहुण्याला. जिंजाहून आलेल्यांनी लेस्टरला जे केले तेच. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२० संपता संपता, हा मार्ग नव्या माणसांसाठी बंद झाला. म्हणजे तुमच्या कोपऱ्यावर दुकान काढणारी माणसे आज जाऊन उद्या दुसरी येणार अशातली नाहीत. ती इथे राहिलेली, मुले शाळेत घातलेली माणसे आहेत, आणि गोदामातली रात्रपाळी सोडून स्वतःचे काहीतरी करावे असे त्यांना वाटते आहे.

दोन वर्षांपूर्वी मी तुझ्याकडे आले होते तेव्हा एकटीच फिरत गोव्याच्या एका दुकानात गेले होते, ते तुला ओझरते सांगितले होते. दाराशी उकड्या तांदळाच्या पिशव्या होत्या. आत एका बरणीत तिरफळे. अठ्ठेचाळीस वर्षे मी बेलग्रेव्हवर सगळे विकत घेतले होते, पण तिरफळ कधी मिळाले नव्हते, कारण गुजराती स्वयंपाकात त्याचे काम नाही. मी बरणीचे झाकण उघडले आणि तिथेच उभी राहिले. गल्ल्यावरच्या बाईने विचारले, "तुमी खंयच्यो?" मी म्हणाले, "माजा म्हायार सावंतवाडी." त्यावर तिने मला बसायला खुर्ची दिली आणि पोई (गोव्याचा पाव) कुठे चांगली मिळते, कोण घरी सान्नां (इडलीसारखा पदार्थ) करून विकते, हे सगळे सांगितले. तिची कोकणी मला पूर्ण समजत होती. या देशात माझ्या आईच्या बोलीत कुणी मला वाणसामान विकेल असे मला कधी वाटले नव्हते.

त्या संध्याकाळी मी तुझ्याकडे तिरफळ घालून बांगड्याचे तिखले केले. ते उकळू लागल्यावर तू उठून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतलीस. मी काही बोलले नाही. पण लेस्टरच्या जिन्याखालची ती शेगडी मला आठवली, आणि त्या दिवसापासून तुला हे कधीतरी लिहायचे माझ्या मनात आहे. तुला याच देशात जन्मून, इथेच शिकून, अजून खिडकी लावावीशी वाटते, यात तुझा दोष मी मानत नाही. ती सवय तुला आमच्याकडून लागली. तू लहान असताना फोडणीआधी तुझा शाळेचा कोट मीच दाराबाहेर नेऊन ठेवत असे.

तेव्हा सहीबद्दल माझे म्हणणे असे आहे. माझ्या माहितीप्रमाणे साधे दुकान असो की बसून खायचे कॅफे, कायदा दोन्ही २०२० पासून एकाच वर्गात धरतो. घरी न्यायच्या गरम जेवणाला मात्र वेगळी परवानगी लागते, आणि ती देताना वास, आवाज, गाड्या, कचरा, वेळ या गोष्टी बघितल्या जातात. दुकान कुणाचे आहे आणि तो काय शिजवतो हा हरकतीचा मुद्दाच होत नाही, मग ते कितीही गोड शब्दांत लिहिलेले असो. धुराची नळी तुझ्या मुलीच्या खिडकीखाली येणार असेल तर तू जरूर लिही. नळी छताच्या वर न्यावी, तिला चांगली गाळणी बसवावी, रात्री दहानंतर विक्री नसावी, अशा अटी माग. अशा अटींवर परवानगी देता येते, आणि नीट दुकान चालवणाऱ्याला त्या जड जात नाहीत. हे तू स्वतःच्या नावाने, वेगळ्या कागदावर लिही. चौथे कलम असलेल्या कागदावर मात्र सही करू नकोस. तुझे बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितले असते, आणि बहुधा माझ्यापेक्षा थोडक्यात.

लिहिण्याआधी त्या कुटुंबाला जाऊन भेट. नळीचा नकाशा त्यांच्याकडे असेल, तो मागून बघ. तुझ्या शेजाऱ्यांपैकी कुणी तो पाहिला आहे असे तुझ्या पत्रावरून दिसत नाही. काउन्सिलला मत कळवायला साधारण २१ दिवस असतात, त्यांतले किती उरले ते खांबावर लावलेल्या नोटिशीवरून पाहून घे. उगीच शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस.

माझी तब्येत ठीक आहे. गुडघा थंडीत दुखतो, पण बाजारापर्यंत चालत जाते. मी मार्चच्या दुसऱ्या शनिवारी येत आहे, गाडी दुपारी पोहोचेल. मासे इथल्या बाजारातून बर्फात घालून आणते. तिरफळे तेवढी आणून ठेव, आणि उकडे तांदूळ दोन किलो.

नातवंडांना अनेक आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार सांग.

तुझी,
आई